टी.वाय. गणितानंतर अप्लाइड-कॉम्प्युटेशनल मॅथ्स: प्रूफांपासून सुटका होते का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या, आणि मला 'अगं' म्हणा, 'अहो' नको.

मी सांगली जिल्ह्यात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, मुख्य विषय गणित. निकाल लागायच्या आत पुढचं ठरवायचंय आणि घरात एकमत नाही. बाबांचं म्हणणं, एम.एस्सी. करून बी.एड. कर, गणिताच्या बाईंना कुठंही नोकरी मिळते. मामा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, गणित आता पुरे झालं, डेटा सायन्सचा क्लास लाव. मला मात्र 'अप्लाइड अँड कॉम्प्युटेशनल मॅथेमॅटिक्स' करावंसं वाटतंय.

का, तर खरं सांगते. रिअल अ‍ॅनालिसिसची एप्सिलॉन-डेल्टावाली प्रूफं पाठ करून जीव मेटाकुटीला आलाय. उलट न्यूमरिकल मेथड्सचा पेपर मजेत गेला. न्यूटन-राफसन, सिम्प्सनचा नियम, रुंगे-कुट्टा. सूत्र लिहायचं, कॅल्क्युलेटरवर कोष्टक भरायचं, चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढून चौकट मारायची. तर अप्लाइडला गेलं की प्रूफं सुटतात का? प्रोग्रामिंग मला जेमतेम येतं, थोडं सी आणि यूट्यूबवर बघून पायथन. तेवढ्यावर निभाव लागेल? आणि हे आपल्याकडं नीट कुठं शिकवतात? पैशाचं पण बघावं लागणार आहे.

टवाळ_टग्या

पहिला मी!

मामाचं ऐक. समीकरण टाकलं की एआय उत्तर देतो, कोडही तोच लिहितो. दोन वर्षं घालवून तू वेगळं काय शिकणार? (मी स्वतः बी.कॉम. असल्यामुळे माझं मत अत्यंत वजनदार समजावे.)

जाळीवाला

टग्याशेठ, थांबा जरा, तुमच्याकडे येतोच.

कृष्णाकाठ, सल्ले नंतर. आधी एक काम कर. क्ष² − १०,००,००,०००क्ष + १ = ० हे वर्गसमीकरण घे. दहावीचं सूत्र पायथनमध्ये जसंच्या तसं लिही आणि दोन मुळांपैकी लहान मूळ काढ. दोन्ही मुळांचा गुणाकार १ यायला हवा, हे तुला माहीतच आहे. मोठं मूळ जवळजवळ दहा कोटी, म्हणजे लहान किती असायला हवं ते तोंडी सांगता येईल. मशीन काय सांगतं ते इथे लिही.

खादाड_खाऊ

वाचतोय. (पॉपकॉर्न घेऊन.)

निवृत्त_मास्तर

बाळ, तुझा धागा वाचून बरं वाटलं. मी आयुष्यभर पदवीला गणित शिकवलं, तेव्हा थोडं लांबण लागेल.

आमच्या विद्यार्थिदशेत प्युअर आणि अप्लाइड असे सरळ दोन गट असत. अप्लाइड म्हणजे स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, हायड्रोस्टॅटिक्स. ही परंपरा केंब्रिजकडून आली. रँग्लर परांजपे १८९९ साली तिथे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्या काळची ती ट्रायपॉस परीक्षा म्हणजे यांत्रिकी, प्रकाशशास्त्र, द्रवांची गती यांवरच्या गणितांचा नुसता भडिमार. पुढे आपल्याकडे यांत्रिकीचे पेपर हळूहळू आटले आणि त्यांच्या जागी न्यूमरिकल मेथड्स आलं. पण परीक्षेच्या हॉलमध्ये संगणक कुठून आणायचा? मग कोष्टकं आली. चार आवर्तनं करा, चार दशांश स्थळं लिहा, चौकट मारा.

तुला तो पेपर सोपा गेला कारण त्यातला अवघड भाग कुणी विचारलाच नाही. ते चौथं दशांश स्थळ बरोबर आहे हे कशावरून? न्यूटन-राफसन सुरुवात कुठून केली तर भरकटतं? पायरी निम्मी केली तर चूक निम्मी होते, की चौथाई, की सोळाव्या हिश्शाची? या प्रश्नांची उत्तरं द्यायला जी हत्यारं लागतात ती सगळी तू कंटाळून बाजूला ठेवलेल्या अ‍ॅनालिसिसच्या वहीत आहेत.

शून्यमहिमा

मास्तरांशी शंभर टक्के सहमत, आणि मी ताजा साक्षीदार आहे. जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, देऊन एका आयआयटीत एम.एस्सी. करतोय. "मी अप्लाइडवाला, मला प्रूफं नकोत" म्हणणारे आमच्या वर्गातही होते. मग न्यूमरिकल पीडीईमध्ये, म्हणजे आंशिक विकलक समीकरणं संगणकावर सोडवण्याच्या पेपरात, लॅक्सचं प्रमेय आलं. योजना, म्हणजे सोडवायची रीत, मूळ समीकरणाशी सुसंगत असेल आणि स्थिरही असेल तरच, आणि तेवढं असलं की नक्कीच, तिचं उत्तर खऱ्या उत्तराकडे जातं (रेषीय, नीट मांडलेले प्रश्न असतील तर). सांगायला दोन ओळी, सिद्ध करायला फंक्शनल अ‍ॅनालिसिस. फायनाइट एलिमेंटचा (वस्तूचे बारीक तुकडे, म्हणजे जाळी, करून हिशेब करायची रीत) कोर्स घेतला, तर पहिले कितीतरी तास सोबोलेव्ह स्पेसेसमध्येच (फलनांच्या अमूर्त अवकाशांत) गेले. कोड त्यानंतर.

फरक एवढाच की इथे प्रूफ पाठ करावं लागत नाही. ते कशासाठी आहे हे दिसतं. प्रमेयातली एखादी अट काढून टाकली की प्रोग्राम स्फोट करून दाखवतो. एक छोटा नमुना: य′ = −५०य, सुरुवात १ पासून. खरं उत्तर चटकन शून्याकडे जातं. ऑयलरची साधी पद्धत पायरी ०.१ घेऊन लाव. प्रत्येक पायरीला आधीच्या उत्तराला −४ ने गुणलं जातं. १, −४, १६, −६४... शून्याकडे जायचं सोडून उत्तर आभाळाला भिडतं. तीच पद्धत उलटी, म्हणजे इम्प्लिसिट करून लावली तर दर पायरीला ६ ने भागलं जातं, आणि उत्तर मुकाट्याने शून्याकडे जातं. तुमच्या टी.वाय.च्या पुस्तकात ऑयलरची पद्धत आहे, पण हे आहे का?

कृष्णाकाठ

नाही हो, हे कुठंच नव्हतं. आमच्या गणितांत पायरी नेहमी दिलेलीच असायची.

@जाळीवाला: केलं. लहान मूळ ०.००००००००७४५ आलं. यायला हवं होतं ०.०००००००१. म्हणजे पाव भाग चुकलाय! आधी वाटलं सूत्र टाइप करताना घोळ झाला. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केलं, तेच. मोठं मूळ मात्र बरोबर येतंय.

जाळीवाला

शाब्बास. आता कारण ऐक. तुझ्या मशीनमध्ये एक संख्या ६४ बिटांत बसते, त्यातून अंकांना ५३ बिटांची अचूकता मिळते. म्हणजे दशमानात साधारण १६ अंक. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकापासून जवळपास सगळी यंत्रं हेच पाळतात. १६ अंक म्हणजे रग्गड. पण सूत्रात तू दहा कोटींतून दहा कोटींच्या अगदी जवळची संख्या वजा करतेस. पुढचे सगळे बरोबर अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो शेवटच्या अंकातला कचरा. वर्गमुळात चूक नाही, वजाबाकीतही नाही. चूक पद्धतीच्या निवडीत आहे.

उपाय: मोठं मूळ सूत्राने काढ, लहान मूळ = १ ÷ मोठं मूळ. वजाबाकीच नको. सोळाही अंक बरोबर येतील. गणित तेच, सूत्र कागदावर समतुल्य, पण मशीनवर एक निकामी आणि दुसरं उत्तम. पुढे दोन वर्षं याच प्रकाराची मोठी मोठी रूपं बघशील.

आणि हे फक्त वर्गातले खेळ नाहीत. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० वर सुरू केला. दर व्यवहारानंतर तो नव्याने मोजायचा आणि तिसऱ्या दशांशानंतरचे अंक जवळच्या अंकात न बसवता नुसते छाटायचे. छाटलं की चूक नेहमी एकाच बाजूला. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ दाखवत होता. नीट मोजल्यावर तो १०९८ निघाला. बाजार चढत होता आणि आकडा निम्म्यावर आला होता.

मी स्वतः पुण्यात वाहन उद्योगात सीएईमध्ये (संगणकावर यंत्रभागांच्या ताकदीचे हिशेब) आहे, आयडी त्यावरूनच. दिवसभर मेश, म्हणजे जाळी, घालतो. आमच्या धंद्यातली धडा म्हणून सांगतात ती गोष्ट नॉर्वेची. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असतानाच बुडाला. चौकशीत निघालं की फायनाइट एलिमेंटच्या हिशेबात एका नाजूक जोडावरचा शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी धरला गेला होता, कारण तिथली जाळी हवी तशी नव्हती. सॉफ्टवेअरने एरर दिला नाही. रंगीत चित्र छान आलं असणार.

टवाळ_टग्या

बरं बरं. मी एआयला ते समीकरण दिलं. त्याने आधी तेच शाळेचं सूत्र लिहून दिलं. मी "लहान मूळ चुकलंय" म्हटल्यावर "अगदी बरोबर निरीक्षण!" म्हणून जाळीवाल्यांचा उपाय लिहिला.

आता म्हणू नका की मी तुमचंच म्हणणं सिद्ध केलं.

ढगफुटी

टग्या =))

मी हवामानाच्या मॉडेलांवर काम करते, तर माझे दोन पैसे. या विषयाचं सगळ्यात मोठं घरचं उदाहरण पुण्यातच पाषाणला आहे, आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत. २०१८ साली तिथे प्रत्युष हा ४ पेटाफ्लॉप्सचा (संगणकाच्या वेगाचं माप) महासंगणक आला, २०२४ मध्ये अर्क, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. मे २०२५ पासून भारताचं जागतिक अंदाजाचं मॉडेल ६ किलोमीटरच्या जाळीवर चालतं, आधी ते १२ वर होतं. लोकांना वाटतं, जाळी दुप्पट बारीक म्हणजे काम दुप्पट. मग सोडवू हिशेब.

आडव्या दोन्ही दिशांना जाळी निम्मी केली की बिंदू चौपट. पण तेवढ्यावर भागत नाही. १९२८ मध्ये कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी दाखवलं की एका कालपायरीत लाट जितकं अंतर कापते ते जाळीच्या घरापेक्षा मोठं झालं तर साधी योजना अस्थिर होते. म्हणजे घर निम्मं केलं तर कालपायरीही निम्मी. चौपट गुणिले दोन, आठपट. उभ्या दिशेलाही बारीक केलं तर सोळापट. म्हणूनच या क्षेत्रात अर्धी मारामारी यावर चालते की मोठी पायरी घेऊनही स्थिर राहील अशी योजना कशी बांधायची. १९२८ मध्ये संगणक नव्हते हे लक्षात घे. ते तिघे शुद्ध गणित करत होते, विकलक समीकरणाला उत्तर असतं का हे सिद्ध करायला बसले होते.

त्याही आधीची गोष्ट मला फार आवडते. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या ब्रिटिश माणसाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता, फावल्या वेळात, हवामानाचा पहिला संख्यात्मक अंदाज हाताने मोजला. दिवस निवडला २० मे १९१०, म्हणजे होऊन गेलेलाच. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल असं उत्तर आलं. आपल्याकडे भयंकर चक्रीवादळातही इतकं होत नाही, आणि त्या दिवशी प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. गड्याने हे फसलेलं उत्तर १९२२ मध्ये जसंच्या तसं छापलं. पुढे कळलं की त्याची समीकरणं ठीक होती, सुरुवातीची निरीक्षणं आपसांत जुळती नव्हती आणि त्यातून खोट्या लाटा उठल्या. निरीक्षणं आधी गाळून घेतली तर त्याच रीतीने शहाणं उत्तर येतं. १९५० मध्ये चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी त्या काळच्या संगणकावर, एनिॲकवर पहिला यशस्वी अंदाज काढला तेव्हा असल्या वेगवान लाटा मुळातच न येतील असं सोपं केलेलं समीकरण घेतलं होतं.

कृष्णाकाठ, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. समीकरण काय सोपं करायचं, काय ठेवायचं, हे ज्याला कळतं तो उपयोजित गणिती. कोड लिहिणारे खूप मिळतात.

लेकुरवाळा

धाग्यात घुसतोय, माफी. मुलगा बारावीत आहे. बी.टेक. मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंग आणि हे एकच का?

शून्यमहिमा

@लेकुरवाळा: नात्यातले, पण वेगळे. ते बी.टेक. आयआयटींत जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून मिळतं. बंगळुरूच्या आयआयएससीनेही २०२२ पासून सुरू केलंय. तिथे कम्प्युटर सायन्स आणि प्रोबॅबिलिटीचा भाग मोठा, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांचा डोळा सॉफ्टवेअर नाहीतर फायनान्सवर. मुलाला गणित मनापासून आवडत असेल तर चेन्नईच्या सीएमआयचं बी.एस्सी. मॅथेमॅटिक्स अँड कम्प्युटर सायन्स, कोलकात्याच्या आयएसआयचे कोर्स आणि पुण्याचं आयसर हेही बघा.

कृष्णाकाठ, आता तुझं 'कुठे'. तुला जॅम गणित द्यावीच लागेल असं समज. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज, फेब्रुवारीत परीक्षा. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिला भाग नेहमीचे पर्यायी प्रश्न, तिथे निगेटिव्ह मार्किंग आहे. दुसऱ्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक निवडले तरच गुण. तिसऱ्यात पर्यायच नाहीत, आकडा टाकायचा. अभ्यासक्रमात श्रेढी, कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस, ग्रुप थिअरी, विकलक समीकरणं. न्यूमरिकल नाहीच! ते पुढे गेट आणि नेट या एम.एस्सी.नंतरच्या परीक्षांच्या अभ्यासक्रमात येतं. म्हणजे तुझा आवडता पेपर दारावर कामाला येणार नाही, नावडता येईल.

जॅमच्या गुणांवर आयआयटींचे एम.एस्सी. आणि आयआयएससीचं इंटिग्रेटेड पीएच.डी. मिळू शकतं. बंगळुरूलाच टीआयएफआरचं सेंटर फॉर अ‍ॅप्लिकेबल मॅथेमॅटिक्स आहे, पीडीई आणि त्यांचं न्यूमरिकल यासाठी देशात नाव घ्यावं असं. तिथली प्रवेश परीक्षा वेगळी. घराजवळ हवं असेल तर पुणे विद्यापीठात सायंटिफिक कॉम्प्युटिंग, मॉडेलिंग अँड सिम्युलेशन हा स्वतंत्र विभागच आहे. गणित विभागाकडे इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स विथ कम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स आहे, त्याला सगळे आयएमसीए म्हणतात.

पण कोर्सच्या नावावर जाऊ नकोस. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघड. न्यूमरिकल लिनिअर अल्जेब्रा स्वतंत्र पेपर आहे का? पीडीई आणि त्यांचं न्यूमरिकल दोन्ही आहेत का? प्रोजेक्टला स्वतःचा कोड लिहून दाखवावा लागतो का? "कम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स"च्या नावाखाली नुसते डेटाबेस आणि वेब डिझाइनचे पेपर असतील तर तो एमसीएच आहे, गणिताची पाटी लावलेला. वाईट नाही, पण तुला हवं ते नाही.

बर्फवाली

जर्मनीतून हात वर करते. पैशांचा विषय काढलास म्हणून लिहिते. इथे कायझर्सलाउटर्नला टेक्नोमॅथेमॅटिक हा अभ्यासक्रम कधीपासूनचा आहे: गणित, एक इंजिनिअरिंगचा उपविषय आणि प्रोग्रामिंग, तिन्ही सक्तीचे. त्याच गावात फ्राउनहोफरची आयटीडब्ल्यूएम ही औद्योगिक गणिताची संस्था आहे, कारखान्यांचे खरे प्रश्न घेऊन काम करणारी.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. अपवाद: बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो, आणि म्युनिकच्या टीयूने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नवीन विद्यार्थ्यांना बरीच जास्त फी लावलीये. फी नसली तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (निघायच्या आधी ताजा आकडा तपास, वाढत राहतो). शिवाय आपल्याकडच्यांना एपीएस (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं) प्रमाणपत्र सक्तीचं. तीन वर्षांची बी.एस्सी. चालते की नाही हे विद्यापीठागणिक बदलतं, त्यामुळे भारतातून एम.एस्सी. करून मग पीएच.डी.ला येणं अनेकांना सोयीचं पडतं. पीएच.डी. इथे बहुधा पगारी नोकरी असते.

प्रूफांबद्दल. इथे पहिल्या दिवसापासून एप्सिलॉन-डेल्टा, इंजिनिअरिंगकडे झुकणाऱ्यांनाही. पण दर आठवड्याला गृहपाठाचा कागद मिळतो, त्यात बहुधा दोन-तीन सिद्धता आणि एखादा प्रोग्राम. बऱ्याच कोर्सना त्यात ठरावीक गुण मिळाल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. आणि तोंडी परीक्षेत प्राध्यापक शांतपणे विचारतात, "ही अट काढली तर काय होईल?" पाठांतर तिथे दोन मिनिटंही टिकत नाही.

अवांतर: इथे गव्हाचं पीठ मिळतं, ज्वारीचं शोधावं लागतं. तयारीनिशी ये.

खादाड_खाऊ

शेवटचं वाक्य धाग्यातलं सर्वात उपयुक्त.

टवाळ_टग्या

एक गंभीर प्रश्न, खरंच. एआय शिकणाऱ्यालाही हेच गणित लागतं का, की ते वेगळं?

शून्यमहिमा

हेच. न्यूरल नेटवर्क शिकतं ते ग्रेडियंट डिसेंटने (चूक कमी होईल त्या दिशेला पायरी पायरीने उतरत), आणि तो ग्रेडियंट काढायची बॅकप्रॉपगेशन नावाची रीत म्हणजे रिव्हर्स मोडचं ऑटोमॅटिक डिफरन्सिएशन (उत्तराकडून मागे येत यंत्राने केलेलं विकलन). सेप्पो लिन्नाइन्मा या फिनिश विद्यार्थ्याने ते १९७० साली आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात मांडलं होतं, तेही राउंडिंगच्या चुका कशा साचतात हे मोजण्यासाठी! आज मोठी मॉडेलं १६ बिटांच्या संख्यांवर शिकवतात. बीफ्लोट-१६ मध्ये जेमतेम दोन-तीन दशमान अंक अचूक राहतात. एवढ्या कमी अंकांत बेरजा भरकटू नयेत म्हणून काय काय करावं लागतं, हा निव्वळ न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसचा प्रश्न आहे. मामाला हे सांग, कृष्णाकाठ. डेटा सायन्स हवंच असेल तर या वाटेनेही तिथे जाता येतं. क्लासच्या वाटेने इकडे येणं अवघड.

जाळीवाला

नोकरीबद्दल कुणी स्पष्ट बोललं नाही, मी बोलतो. सीएईच्या नोकऱ्यांत मेकॅनिकलवाल्यांना पहिली पसंती मिळते, गणिताच्या एम.एस्सी.चा बायोडेटा एचआरला कळतच नाही. ज्या कंपन्या सॉल्व्हर स्वतः लिहितात तिथे मात्र गणितवाल्यांना मान आहे. अशा जागा कमी. हवामान, सीडॅक (सरकारी संगणक संशोधन संस्था), विम्याकडे ॲक्च्युअरी, मुंबईत क्वांट फायनान्स (गणिती पद्धतीने गुंतवणूक), आणि संशोधन, या वाटा आहेत. प्रत्येक ठिकाणी कोड दाखवावा लागतो. बी.एड.ची वाट सुरक्षित आहे, बाबा चुकीचं सांगत नाहीत. पण एम.एस्सी.नंतरही ती उघडीच राहते, हे त्यांना सांग.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना जाळीवाल्या काकांचा शेवटचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. "एम.एस्सी.पर्यंत हरकत नाही" इथवर गाडी आलीय. यंदा एक वर्ष जॅमची तयारी, आणि पुणे विद्यापीठाचा फॉर्म पण भरणार. अ‍ॅनालिसिसची वही परत काढलीय, या वेळी प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून बघतेय.

एक शंका राहिली. शून्यमहिमादादानं व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) हिल्बर्ट मॅट्रिक्स करून बघायला सांगितलं होतं. १५ × १५ घेतली, ज्यात प्रत्येक घरात १ ÷ (ओळ + स्तंभ − १) असतं. उजवी बाजू अशी केली की सगळी उत्तरं बरोबर १ यायला हवीत. पायथननं दिलेली उत्तरं काही १ च्या जवळ, काही भलतीच, एक-दोन तर चक्क ऋण. पण तीच चुकीची उत्तरं समीकरणांत परत घालून बघितली तर डावी-उजवी बाजू पंधराव्या दशांशापर्यंत जुळतेय! ताळा जुळतो आणि उत्तर चूक, हे कसं? ताळा जुळला की उत्तर बरोबर, असंच शाळेपासून शिकलोय.

निवृत्त_मास्तर

हा प्रश्न स्वतःहून पडला, यातच आलं सगळं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेव. पद्धत कशी आहे ही एक, प्रश्न कसा आहे ही दुसरी. पायथनने जी गाउसची विलोपन पद्धत वापरली ती चांगली वागली. तिने तुला अशा समीकरणांचं जवळजवळ अचूक उत्तर दिलं जी तुझ्या समीकरणांपासून सोळाव्या अंकात कुठेतरी वेगळी आहेत. म्हणून ताळा जुळला. चूक अशी मागे ढकलून बघायची दृष्टी इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या जेम्स विल्किन्सन यांनी रुजवली. ट्यूरिंगबरोबर संगणक बांधण्यावर काम केलेला माणूस, १९७० चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

दोष प्रश्नाचा आहे. हिल्बर्ट मॅट्रिक्सच्या ओळी एकमेकींसारख्याच दिसतात, म्हणून उजव्या बाजूला केसाएवढा धक्का बसला तरी उत्तर मैलभर सरकतं. किती सरकेल त्याचा अंदाज देणाऱ्या आकड्याला कंडिशन नंबर म्हणतात. १० × १० ला तो १६ वर बारा शून्यं एवढा आहे, म्हणजे तुझ्या सोळा अंकांतले तेरा गेले, तीन उरले. १२ × १२ ला सोळाही गेले. तू १५ घेतलीस. तिथे ताळा काहीच सांगत नाही, कारण एकमेकांपासून खूप लांब असलेली कितीतरी उत्तरं त्या ताळ्यात बसतात.

आता हेच ५ पासून १५ पर्यंत एकेक वाढवत कर. प्रत्येक वेळी तीन आकडे लिही: कंडिशन नंबर, ताळ्यातला फरक, उत्तरातली खरी चूक. पायथनच्या नमपाय या गणिती संचात कंडिशन नंबरची तयार आज्ञा आहे. मात्र १२ च्या पुढे तो आकडाही खरा नसेल, कारण तोही त्याच सोळा अंकांत मोजलाय. कोष्टक इथेच टाक, या वेळी चौकट न मारता.